दोन थेंब तेल

लोहारा, यवतमाळ
६ नोव्हेंबर २०१७

दादा, जयभीम.

फोनवर आई नुसती रडते आणि तुझी पाच मिनिटं तशीच संपतात. म्हणून यापुढे मी लिहीत जाईन, तूही लिही. तुरुंगातले साहेब पत्रं वाचतात म्हणे. वाचू देत. आपल्या घरात आता लपवण्यासारखं राहिलंय काय?

राजदीपला जाऊन आज सेहेचाळीस दिवस झाले. मी तेव्हा मारेगावला मामाकडे होते, मला त्याचं तोंडही नीट पाहायला मिळालं नाही. मारोतरावच्या कपाशीत फवारून आला आणि "आई, दिसून नाही राह्यलं" म्हणत दारातच बसला, हे सगळं ऐकलेलंच. चौथ्या दिवशी आपला भाऊ गेला आणि पाचव्या दिवशी तू मोठा पाना घेऊन मारोतरावच्या शेतात गेलास. त्याचा गुडघा अजून जुळलेला नाही.

पुढचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं, ते तुला सांगते. तू आत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मारोतरावचा पोरगा ऋतिक चार जण घेऊन आला. त्यांनी आधी आपल्या सायकल दुकानापुढचा टायरांचा ढीग पेटवला. आई आडवी गेली, तर ऋतिकने आपलाच हवेचा पंप उचलून तिच्या हातावर घातला. हाड मोडलेलं मी ऐकलं. मी त्याच्या मांडीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो खोल गेला नाही याचं मला अजून वाईट वाटतं. मग त्याने माझे केस धरून माझं तोंड कट्ट्यावर आपटलं. समोरचा एक दात गेला. शेजारच्या उकंडाकाकांनी बादल्या मारून आग विझवली, नाहीतर घरही गेलं असतं. आपण तक्रार दिली, त्यांनीही दिली.

आता मी दुकान उघडलंय. गिऱ्हाईक येत नाही. अर्धी वस्ती मारोतरावच्या कापसाला जाते, ती आपल्याकडे हवा भरायला कशी येईल? पण एक सायकल आली आहे. गेअरची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. चाक फिरवलं की खर्र-खर्र घासतं. पंक्चर, चेन, बेअरिंग सगळं आबांनी मला शिकवलं, पण हे डिस्कचं तुलाच येत होतं, आणि थोडं राजदीपला. कसं करायचं ते सविस्तर लिही. ही एक सायकल नीट झाली तर बाकीचे येतील.

कोणाची आहे ते विचारू नकोस. गिऱ्हाईक आहे.

दीपा


१३ नोव्हेंबर २०१७

प्रिय दीपा, जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि रात्रभर भिंतीला टेकून बसलो. आईच्या हातावर माझ्या दुकानातला पंप! मी बाहेर असतो तर ऋतिकचे दोन्ही हात खांद्यातून काढून ठेवले असते. इथे परवा एकाने विचारलं, "फवारणीनं कोणी मरते का बे? दारू पेला असन तुया भाऊ." मी त्याचं डोकं नळावर आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा तो हसायचा थांबला. मला आठ दिवस वेगळं ठेवलंय. वकील म्हणतात, वीस डिसेंबरला जामिनाची तारीख आहे, तोवर गप राहा. गप राहणं मला आबांनी शिकवलंच नाही.

आता कामाचं ऐक. घाई करू नकोस.

आधी चाक नीट बसलंय का ते पाहा. धुऱ्याचे नट सैल कर, सायकल जमिनीवर उभी करून वरून वजन दे, मग नट आवळ. निम्म्या सायकलींचा आवाज इथेच जातो. लोक चाक तिरकं बसवतात आणि ब्रेकला शिव्या देतात.

तरी घासलं तर कॅलिपर पाहा. पॅड ज्याच्यात असतात तो डबा. त्याचे दोन बोल्ट एल-पान्याने अर्धा फेरा सैल कर, काढू नकोस. मग ब्रेकची दांडी गच्च दाब आणि ट्यूबच्या तुकड्याने तशीच बांधून टाक. पॅड चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्हीकडून धरतात आणि कॅलिपर आपोआप मधोमध येतो. आता एकदा हा बोल्ट, एकदा तो, असे थोडे-थोडे आवळ. एकच पुरता आवळलास तर पुन्हा तिरका बसेल. दांडी सोड, मागे पांढरा कागद धर. चकतीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची रेघ दिसली पाहिजे. स्वस्त सायकलीत आतला पॅड हलत नाही. त्याला मागून स्क्रू असतो, तो पाव फेरा सैल कर.

आणि एक गोष्ट डोक्यात कोरून ठेव. आबा म्हणायचे, आवाज तिथं तेल. चेनला खरं, बेअरिंगला खरं, डिस्कला नाही. चकतीवर थेंबभर तेल पडलं की पॅड ते पिऊन घेतो आणि मग दांडी कितीही दाबा, सायकल थांबत नाही. हात तेलकट असेल तर चकतीला बोटसुद्धा लावू नकोस. डिस्कला तेल म्हणजे मरण. हे पत्र कामाच्या जागेसमोर भिंतीला लाव.

सायकल कोणाची आहे? गिऱ्हाईक म्हणून मला गप बसवू नकोस.

धर्मपाल


लोहारा
२२ नोव्हेंबर २०१७

दादा, जयभीम.

पुढचं चाक गप झालं! तू सांगितलंस तसंच केलं, कागदासमोर दोन रेघा दिसल्या तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. आई आतून म्हणाली, "काय झालं व, येडी झाली काय?" कितीतरी दिवसांनी तिचा आवाज असा आला. तुझं पत्र भिंतीला लावलंय.

मागचं चाक मात्र एका फेऱ्यात एकदाच घासतं. बाकी वेळ गप. म्हणजे काय?

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी तुझ्याशी खोटं बोलत नाही. सायकल ऋतिकची आहे. त्याची बहीण निकिता घेऊन आली, ती माझ्या वर्गात होती. पोलीस भरतीसाठी तो रोज ही सायकल चालवून मेहनत करतो. यवतमाळात दोन दुकानांनी हात टेकले, तेव्हा ती त्याला न विचारता आपल्याकडे घेऊन आली. मी का घेतली ते समजून घे. मारोतरावच्या घरची सायकल आपल्या दुकानात दुरुस्त झाली की गावाचं तोंड बंद होतं. मला पोट भरायचंय, दादा. मला रोज कोणाचा तरी हात मोडायचा नाही.

ऋतिकला परवा कळलं. आला, सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पाना घट्ट धरून उभी. म्हणाला, "आता खोललीच हायेस त पुरी कर. अन् बिगडली त या खेपेस टायर नाई, तुले पेटवीन." जाताना तो आबांच्या फोटोवर थुंकला. मी पाना फेकला, तो त्याच्या पाठीत बसला. तो वळून आला आणि माझ्या पोटात लाथ मारून गेला. असा आमचा गिऱ्हाईक-मिस्त्रीचा व्यवहार चालू आहे.

एक विचारायचं होतं. राजदीप दुकानातलं काम सोडून फवारणीला गेलाच का? त्याला तर शेताचा कंटाळा. आईला विचारलं की ती उठून आत जाते.

दीपा


२९ नोव्हेंबर २०१७

प्रिय दीपा, जयभीम.

एका फेऱ्यात एकदाच घासतं म्हणजे चकती वाकली आहे. कॅलिपरचा दोष असता तर सारखं घासलं असतं. चाक हळू फिरव, जिथे पॅडला लागतं तिथे खडूने खूण कर. स्वच्छ फडकं घेऊन तेवढाच भाग हाताने उलट बाजूला दाब. थोडं दाब, फिरवून पाहा, पुन्हा दाब. एकदम जोर दिलास तर दुसरीकडून वाकेल.

तरी आवाज राहिलाच तर दोन्ही चकत्यांवर दोन-दोन थेंब तेल टाक. आबांचं म्हणणं खरं होतं. आवाज तिथं तेल. सायकल देताना फडक्याने वरून पुसून दे, म्हणजे गिऱ्हाइकाला चकचकीत दिसेल.

माझी तब्येत चांगली आहे. राग आता पुष्कळ कमी झाला आहे. तू हुशार आहेस, जास्त लिहीत नाही. एमआयडीसीच्या मागच्या उतारावरून तो रोज जातो ना? आता कापसाचे ट्रक सुरू झाले असतील.

आईला सांग, वीस तारखेला मी घरी येतो.

धर्मपाल


सरकारी दवाखाना, यवतमाळ
९ डिसेंबर २०१७

दादा,

डावा हात बांधलेला आहे. बरगड्या दोन गेल्यात, वाकून लिहिता येत नाही, म्हणून अक्षर असं आहे. हे पत्र वकिलांच्या हाती पाठवते आहे, साहेबांनी वाचू नये म्हणून.

चकती सरळ झाली होती. आवाज उरलाच नव्हता. तुझं दुसरं पत्र माझ्या खिशात होतं. मी तेलाचा डबा घेतला आणि दोन्ही चकत्यांवर दोन-दोन थेंब टाकले, वरून पुसले. काय करतेय ते मला माहीत होतं, एवढंच लिहिते.

मंगळवारी दुपारी ऋतिक आला. चाक उचलून फिरवलं. काही आवाज नाही. मग तो हसला, दादा. कुचकं नाही, खरंच हसला. म्हणाला, "वा बाप्पा! यवतमाळवाल्याले नाई जमलं. शिकली व तू." आणि ब्रेक न दाबता, काही न पाहता टांग मारून निघाला.

मी दारापर्यंत आले. मनात म्हटलं, जाऊ दे. आईचा हात आठवला, माझा दात आठवला. पण डोळ्यांसमोर राजदीप आला. त्यानेही असाच पंप पाठीवर घेतला असेल, आत काय कालवलंय ते न पाहता. कपाशी त्याच्या डोक्याच्या वर गेलेली, फवारा सगळा तोंडावर. मारोतरावला माहीत होतं. दोन औषधं एकत्र केली की माणूस पडतो, हे त्याला औषधांच्या दुकानदाराने सांगितलं होतं. आणि तो साधेपणाने म्हणाला होता, जा, दोन ओळी फवारून ये. तोच आवाज मला तुझ्या पत्रात ऐकू आला. दोन थेंब टाक. वरून पुसून दे.

मी हातात होता तो पंप घेऊन उकंडाकाकांची सायकल काढली. उताराच्या तोंडाशी तो फोनवर बोलत थांबला होता, म्हणून सापडला. मी ओरडले, "उतर! ब्रेक नाई त्याले!" त्याला वाटलं मारायला आली. त्याने पायडल मारला. खाली जिनिंगकडे वळणारा कापसाचा ट्रक आडवा लागलेला मला दिसत होता. मी पंप त्याच्या मागच्या चाकात घातला.

तो तोंडावर पडला. ओठ फाटून लोंबला. उठला आणि तोच पंप घेऊन माझ्यावर तुटून पडला. मी खाली पडल्यावरही मारत होता. लोक उभे राहून पाहत होते. मी एकच म्हणत होते, "ब्रेकची दांडी दाबून पाह्य, दांडी दाबून पाह्य." शेवटी त्याने दाबली. सायकल ढकलली, पुन्हा दाबली. मग खाली ट्रककडे पाहिलं आणि रस्त्यावरच बसला. त्याचं रक्त हनुवटीवरून गळत होतं आणि त्याला पुसायचं सुचत नव्हतं.

संध्याकाळी तो पोलिसात गेला. मी सांगितलं, आमचे आबा आवाज तिथं तेल म्हणायचे, मी तेच केलं, मग लक्षात आलं म्हणून धावले. पण पोलीस दुकानात आले आणि भिंतीवरचं तुझं पहिलं पत्र घेऊन गेले. डिस्कला तेल म्हणजे मरण, असं त्यात ठळक लिहिलंय. ठाणेदार म्हणाले, "तुले तं माहीत होतं ना पोरी?" आता ते मला जाणूनबुजून जीव घेणारी म्हणतात. दवाखान्यातून सुटले की नेतील. आईचं हाड अजून जुळलेलं नाही, एक हात प्लास्टरमध्येच आहे, तिला भाकर कोण टाकून देईल ते मला कळत नाही.

दुसऱ्या पत्राचं मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण मला तुझा राग येतो, दादा. इतका राग मला ऋतिकचाही आला नाही. त्याने निदान माझ्या तोंडावर मारलं.

दीपा


१७ डिसेंबर २०१७

दीपा,

दुसरं पत्र पोलिसांना दे. लपवू नकोस. मी काल साहेबांकडे जाऊन त्यांना ते पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यांनी ते इथून जाताना वाचलं होतं, त्यांना त्यात काही दिसलं नव्हतं. सायकल दुरुस्तीच तर होती. मग मी त्यांना सांगितलं, डिस्कला तेल लावल्यावर काय होतं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

जबाब लिहून दिला आहे. ऋतिकला मारण्यासाठी मी बहिणीला फसवलं. आधी तेल नको म्हणालो, पण वाकलेली चकती सरळ केल्यावर चालतं असं तिला खोटं शिकवलं. ती नवशिकी आहे, मिस्त्री मी आहे. तुला कळलं नव्हतं, दीपा. कळलं तेव्हा तू धावलीस आणि त्याला वाचवलंस. वकिलांना सांगितलं, जामिनाचा अर्ज मागे घ्या. ते चिडले. चिडू देत.

आता राजदीपचं. तू विचारलं होतंस आणि मी चकती सरळ करायला शिकवत बसलो.

पोळ्याच्या आधी एका मास्तरांची डिस्कची सायकल आली होती. राजदीपने चकतीवर तेल टाकलं. आबांची सवय, दुसरं काय! मास्तर चौकात रिक्षावर आदळले, खरचटलं फक्त. पण ते दुकानात येऊन चार लोकांसमोर मला बोलले. मी त्यांच्यासमोरच राजदीपच्या डोक्यात पाना मारला. तीन टाके पडले. आईला सांगितलं, सायकलवरून पडला. आणि त्याला म्हणालो, तुझ्या हातात फवाऱ्याचाच पंप शोभतो, जा. तो दुसऱ्या दिवशी मारोतरावकडे गेला. आठ दिवसांनी एकदा दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता. मी चाक बांधत होतो. मी वर पाहिलं नाही. थोडा वेळ थांबून तो गेला.

मारोतरावचा गुडघा फोडताना मला वाटत होतं मी राजदीपसाठी मारतोय. मी माझ्यावरचा घाव त्याच्यावर घालत होतो. मारोतराव दोषी आहेच, ते कोर्ट पाहील. पण राजदीपला त्या शेतात मी पाठवलं.

आईला हे तू सांग. मी फोनवर तीनदा सुरुवात केली, तोंडातून शब्द निघत नाही. सांगून झाल्यावर तिला विचार, मुलाखतीला येशील का. नाही म्हणाली तर तसंच लिही.

धर्मपाल


लोहारा
२८ डिसेंबर २०१७

दादा,

पत्र पोलिसांना दिलं. त्यांनी मला दोनदा बोलावून विचारलं. दोन्ही वेळा मी हेच म्हणाले की दादाने सांगितलं ते केलं. ऋतिकनेही जबाबात लिहून दिलं की मी ओरडत आले होते, ब्रेक नाही म्हणून. मला घरी सोडलं. तुझ्यावर नवीन गुन्हा लागणार, वकील तुला सांगतीलच.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती, एका हाताने. थांबली नाही. शेवटी म्हणाली, "मले माहीत होतं. राजदीपनं त्याच दिवशी सांगतलं होतं. म्हणे, आई, तुले माहीत हाय हे दादाले समजू देऊ नको, त्याले लय वाईट वाटन."

मग तिने ताट बाजूला सारलं आणि ओरडून रडली. राजदीप गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. उकंडाकाका धावत आले, त्यांना वाटलं पुन्हा कोणी मारायला आलं.

पुढच्या शुक्रवारी ती मुलाखतीला येते आहे. काका सोबत येतील. तिच्या उजव्या हाताला अजून प्लास्टर आहे, जाळीतून तिला डावा हात द्यावा लागेल, तो तू धर. मी येत नाही. माझा राग गेलेला नाही आणि कधी जाईल ते मला माहीत नाही. गेला की मी स्वतः येऊन सांगेन.

दीपा